घरचा दीड आणि शाळेचा दीड

काळ कुणासाठी थांबत नाही, असं थोर माणसं सांगून गेली आहेत. त्यांपैकी कुणीही वसईजवळच्या दिवाणमानला रामचंद्र राऊतांच्या पडवीत बसून चहा घेतलेला नव्हता. तिथे काळ एकोणचाळीस मिनिटं मागे राहत असे, आणि हे चव्वेचाळीस वर्षं चाललं होतं.

याचं मूळ भिंतीवरच्या लंबकाच्या घड्याळात होतं. रामचंद्रांच्या, म्हणजे आप्पांच्या, वडिलांनी ते मुंबईहून आणलं ते मुंबईच्या वेळेवर लावूनच. पुढे सरकारने सगळ्या देशाला एक स्टँडर्ड टाइम लावला आणि वेळ एकोणचाळीस मिनिटं पुढे सरकली. वडील म्हणाले, "गोरा म्हणाला म्हणून माझ्या वाडीत सूर्य लवकर उगवायचा नाही." वडील गेले, गोराही गेला, घड्याळ तसंच राहिलं. मधे युद्धात सरकारने वेळ आणखी तासभर पुढे ढकलली होती, तेव्हा आप्पांना आपण सत्याग्रह करतोय असं वाटलं. तुरुंगात मात्र त्यांना कुणी नेलं नाही.

घरच्यांनी यातून आपली तोड काढली होती. गाडी पकडायची असेल तर स्टेशनची वेळ. बाकी सगळ्याला, म्हणजे जेवणाला, पूजेला, श्राद्धाला आणि वाडीत पाणी सोडायला, घरची वेळ. भांडण असं कधी झालंच नाही. दूध कोणत्या वेळेत मोडतं, हा प्रश्न मात्र एकोणीसशे पन्नास सालच्या डिसेंबरपर्यंत कुणाला पडला नव्हता.

त्या रविवारी सकाळी केळ्यांचा काटा पडवीच्या तुळईला टांगला होता. एका तागडीत लोखंडी वजनं आणि दुसरीत टोपली. टोपलीत घड नव्हता. आप्पांची साडेचार महिन्यांची नात मंदा होती. ती काट्याच्या साखळीकडे अशा नजरेने बघत होती, की या घरातली एकच गोष्ट बघण्यासारखी आहे आणि ती आपल्याला सापडली आहे.

"सव्वासहा शेराला एक छटाक कमी," थोरला मुलगा एकनाथ म्हणाला.

"नीट बघ."

"आप्पा, तीनदा बघितलं. गेल्या रविवारी पुरे सव्वासहा शेर होती."

आप्पा मागे टेकून बसले. ते एवढंच म्हणाले, "बरं." त्यांच्या 'बरं'चा अर्थ घरात सगळ्यांना माहीत होता. बरं नव्हतं.

दिवाळीनंतर शाळा उघडली तेव्हा याच पडवीत करार झाला होता. मंदाची आई, म्हणजे धाकटी सून सुमन, माणिकपूरच्या मुलींच्या शाळेत गणित शिकवायची. तिने कामावर परत जावं. पण मूल दर रविवारी काट्यावर चढेल, आणि ज्या रविवारी वजन खाली येईल त्या सोमवारी राजीनामा. सुमनने मान हलवली होती, कारण सातवीच्या चार मुली यंदा फायनलच्या परीक्षेला बसायच्या होत्या आणि शाळेत अपूर्णांक येणारं दुसरं माणूस नव्हतं. हेडमास्तरीणबाईंना धरून.

"गुरुदत्त," आप्पा म्हणाले, "कागद आण."

धाकटा मुलगा गुरुदत्त कोटाच्या खिशातून कागद काढून उभा राहिला. तो फोर्टातल्या एका ऑफिसात कारकून होता आणि कागद कधी लागेल ते सांगता येत नाही म्हणून तो आधीच लिहून ठेवत असे.

सुमनने नवऱ्याकडे बघितलं. "लिहून तयारच होता?"

"नुसता मसुदा आहे," गुरुदत्त म्हणाला. "तारीख घातलेली नाही."

"उपकार झाले."

ती बोलली शांतपणे, पण हात पदराशी चाळा करत होते. बुधवारपासून तिला अंग हलकं वाटत होतं. पहिले चार आठवडे दूध भरून यायचं, दुखायचं, मधल्या सुट्टीत मंदा यायची, पिऊन जायची. पण या तीन दिवसांत, शनिवारी शाळा सकाळचीच म्हणून तीनच, ते भरायचं, वाट बघायचं आणि हळूहळू शहाणं होऊन यायचंच थांबायचं. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. चार मुलींचे अपूर्णांक आणि हे, दोन्ही तिला एकाच वेळी गमावायचे नव्हते.

"दूध आटलं की आटलं," अनसूयाबाई म्हणाल्या. सासूबाईंचा सूर भांडणाचा नव्हता, पंचांग वाचल्यासारखा होता. "म्हणून मी म्हणत होते, आजपासून म्हशीचं सुरू करा. पाजायचं बोंडलं काढून ठेवलंय मी."

"आई, मी हळिवाचे लाडू खातेय. बाळंतशेपा खातेय. शतावरी पितेय. परवा दोन्ही वेळा डिंक होता."

"आणि आज मोरी हाय," मागच्या दारातून आवाज आला. धोंडूबाई हातात मासळी धरून उभी होती. मोरीचं कालवण बाळंतिणीला दूध आणतं, याविषयी वसईत हिंदू-ख्रिस्ती असा भेद नव्हता. धोंडूबाई खाडीकडच्या गावातली. दोन पिढ्या या घरी कामाला. मंदाला कडेवर घेऊन रोज दुपारी शाळेत नेणं तिच्याकडे होतं. "कोवली हाय. खाडीच्या खाजनात भावानं धरली."

"मोरी ठेव आणि पुढे ये," आप्पा म्हणाले. "तू बुधवारपासून उशिरा पोचतेस, असं सुमन म्हणते."

धोंडूबाईने मोरी ठेवली नाही. ती हातात असलेली बरी, असं तिला वाटलं असावं.

"मी? आप्पा, तुमी स्वतः मला सव्वा वाजता घड्याल दाखवून हाकललं. काटा आडवा झाला, मी निघाले. वाटंत कोनाशी बोलले नाय, पानी प्याले नाय. शुक्रवारी तर पोरीला घेऊन धावत गेले. माज्या वयाची बाई धावते, लोक बघाया थांबले."

"पंधरा मिनिटांची वाट आहे."

"पंधराच लागली! पोचले तर फाटक बंद. मग चिंचंखाली बसून पोरीला खडीसाखरंचं पानी पाजलं चमच्यानं, न आले परत."

"सुट्टी दीड ते दोन," सुमन म्हणाली. "मी दोनपर्यंत फाटकापाशी उभी होते, धोंडूबाई. तिन्ही दिवस."

"मग तुमी कोन्या फाटकापाशी व्हतात, बाय?"

इथे सांगायला हवं, की बुधवारची सुधारणा आप्पांची होती. त्याआधी धोंडूबाई एक-दहाच्या विरार गाडीचा आवाज ऐकून निघायची. आप्पांना ते पटत नव्हतं. चाळीस वर्षं म्हशी बाळगलेल्या माणसाचं म्हणणं असं होतं, की धार ठरल्या वेळेला काढली तरच जनावर दूध देतं. उशीर झाला की चोरतं, रोज उशीर झाला की आटतं. हे त्यांनी सुनेच्या बाबतीत लागू करताना 'जनावर' हा शब्द गाळला होता, आणि त्यात त्यांना आपला बराच मोठेपणा वाटला होता. म्हणून त्यांनी मंगळवारी हुकूम काढला: या घराचं मूल रेल्वेच्या शिट्टीवर दूध प्यायला जाणार नाही, घड्याळावर जाईल. सव्वाला निघेल, दीडला पोचेल. शास्त्रशुद्ध.

थोरली सून सरला स्वयंपाकघरात चहा टाकत होती आणि भिंतीला कान होते तिकडे स्वतःचेही ठेवून होती. चुलीपाशी वाटीत रिठ्याचं पाणी आणि त्यात मंदाचे चांदीचे वाळे काल संध्याकाळपासून भिजत पडलेले; ती वाटी तिने दोनदा इकडची तिकडे केली. सुमनने नोकरी धरली तेव्हा सगळ्यात जास्त नाक मुरडलं होतं ते सरलानेच. 'आम्हाला कुणी खडू धरायला पाठवलं नाही' हे तिचंच वाक्य. पण गेल्या पाच आठवड्यांत तिच्या लक्षात एक गोष्ट आली होती. सुमन दहाला निघाली की साडेपाचपर्यंत हे स्वयंपाकघर तिचं एकटीचं होतं. सुमन घरी राहिली, तर मीठ कुणी घातलं याची चौकशी रोज दोनदा होणार. शिवाय तिची थोरली मुलगी फायनलच्या त्या चौघींतली एक होती.

ती चहाचे कप घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, "एका छटाकासाठी एवढं काय? पोरीला काल दोनदा शी झाली."

सगळे तिच्याकडे बघत राहिले. सरलाने सुमनची बाजू घेतल्याची घरात ही पहिलीच वेळ होती. सुमनलाच सगळ्यात जास्त भीती वाटली.

"वहिनी, तुम्हाला बरं नाही का?"

"मला काय धाड भरलीय? मी आपलं न्यायाचं बोलले."

तेवढ्यात फाटक वाजलं आणि पॉलिन आत आली. चर्चमधली मिस्सा झाल्यावर एका बाळंतिणीला बघून ती घरी चालली होती. एका हातात प्रार्थनेचं पुस्तक, दुसऱ्या हातात सुईणीची पिशवी. माणिकपूरच्या दवाखान्यात ती नर्स होती आणि मंदाला या जगात तिनेच ओढून आणलं होतं. त्यामुळे या घरात ती न विचारता बसायची.

"काय चाललंय? केळी विकायला काढली का पोर?"

"दूध आटलं हिचं," अनसूयाबाई म्हणाल्या.

"कुणी बघितलं?"

कुणीच बघितलं नव्हतं. एकनाथ तुळईकडे बघायला लागला.

"पोर छातीला लागली नाही तर अंगाला वाटतं, गिऱ्हाईक गेलं, आता दुकान कशाला उघडा," पॉलिन म्हणाली. "सुमन, तुला मी काय सांगितलं होतं? पोर आली नाही तर?"

"हाताने काढायचं. काढते. नकाशांच्या खोलीत, दाराला कडी लावून. पण घंटा झाल्यावर पाच मिनिटांत किती निघणार? उरलेला तास वर्गात..." ती थांबली. गुरुदत्त, एकनाथ आणि आप्पा तिघांनीही एकदम चहा प्यायला सुरुवात केली. "उरलेला तास मी फळ्याकडे तोंड करून शिकवते. मुलींना वाटतं, बाई चिडल्यात. तिथे चिंचेखालून मंदाचं रडणं ऐकू येतं आणि मी इथे तीनचतुर्थांश लिहितेय."

यावर बोलली ती मंदा. काट्याच्या साखळीत आता काही राम उरला नाही, असं तिला वाटलं असावं. तिने टोपलीत आधी कुरकूर केली, मग घर डोक्यावर घेतलं.

सुमन जागची हललीही नव्हती, पण तिच्या निळ्या पोलक्यावर दोन ओले ठिपके उमटले आणि बघता बघता रुपयाएवढे झाले. तिने पदर ओढला. उशीर झाला होता. अनसूयाबाईंनी बघितलं होतं.

सासूबाई उठल्या. त्यांनी टोपलीतून नात उचलली, सुनेच्या मांडीवर घातली, स्वतःच्या शालीने दोघींना झाकलं आणि पुरुषांकडे वळल्या.

"कोण म्हणालं आटलं?"

"तूच म्हणालीस," आप्पा म्हणाले.

"मी म्हणाले, आटलं की आटलं. आटलंय असं कुठे म्हणाले?" त्यांनी बाजू बदलली तीसुद्धा पंचांग वाचल्यासारखी. "एकनाथ दोन महिन्यांचा होता तेव्हा मी पहाटे वाडीत फुलं तोडायला जात होते. तुमच्या आईने याला केळीच्या सोपटात घालून बांधावर ठेवला होता. रडला की परडी खाली ठेवायची, पाजायचं, परडी उचलायची. मला नाही कुणी काट्यावर चढवलं. राजीनामा कुणाला द्यायचा होता मी? मोगऱ्याला?"

"ते घरचं काम होतं."

"म्हणून त्याला मधली सुट्टी नव्हती."

पॉलिन हसली आणि तिने प्रार्थनेचं पुस्तक तोंडावर धरलं. शालीखालून मंदाच्या घोट घेण्याचा आवाज येत होता, कुठल्याही साक्षीपेक्षा स्पष्ट.

"दूध आहे, हे मान्य," आप्पा म्हणाले. "पण पोचत नाही. धोंडू उशीर करते."

"आप्पा, मोरीची शपथ..."

"किती उशीर?" पॉलिनने मधेच विचारलं. "रोज किती?"

"मी वर्गात शिरून हजेरी घेते," सुमन हळूहळू म्हणाली, "हजेरी संपते तेव्हा मंदा रडायला लागते. मी मनगटावर बघते. दोन वाजून नऊ मिनिटं. तिन्ही दिवस दोन वाजून नऊ."

"रोज नऊ?"

"रोज नऊ." तिचा आवाज बदलला. वर्गात एखाद्या मुलीचं उत्तर चुकलेलं असतं पण चूक फार सुंदर असते, तेव्हा तो असा व्हायचा. "जी बाई रेंगाळते ती एक दिवस पाच मिनिटं रेंगाळेल, एक दिवस वीस. शुक्रवारी धोंडूबाई धावल्या, म्हणजे वाटेत वेळ वाचला, तरी नऊ? धोंडूबाई, शुक्रवारी लवकर पोचलात का?"

"पोचले व्हते. दम लागला म्हनून चिंचंखाली बसले घटकाभर, मग पोर रडली."

त्याच वेळी माणिकपूरच्या ख्रिस्ती देवळाची घंटा ऐकू आली. बाराची. ती रोज वाजायची आणि या घरात रोज कुणाला ऐकू यायची नाही. पॉलिनने कपाळाला, छातीला, खांद्यांना हात लावला. सुमनने भिंतीवर बघितलं. घड्याळात अकरा वाजून एकवीस मिनिटं झाली होती.

"आप्पा," ती म्हणाली, "एकोणचाळीसातून तीस गेले किती राहिले?"

"नऊ." आप्पांनी सवयीने उत्तर दिलं आणि मग त्यांच्या लक्षात आलं की आपण सातवीत बसलोय.

"मधली सुट्टी तीस मिनिटांची. घर एकोणचाळीस मिनिटं मागे. मंदा घरच्या दीडला बरोबर पोचते. शाळेचे तेव्हा दोन वाजून नऊ."

धोंडूबाईने इतका वेळ धरलेली मोरी शेवटी खाली ठेवली. "तरी मी म्हनत व्हते," ती म्हणाली, जरी ती असं काहीच म्हणत नव्हती.

भिंतीवरचं घड्याळ एकदम फार मोठ्याने चालल्यासारखं वाटलं.

गुरुदत्तला ऑफिसात असे पेच सोडवायची सवय होती. "मग सोपं आहे," तो म्हणाला. "धोंडूबाईने घरच्या बारा छत्तीसला निघायचं."

"मना छत्तीसबित्तीस नाय कलत, भाऊ. काटा आडवा झाला की निघू, का खाली लोंबला की निघू, तेवढं सांगा."

"मग पुन्हा एक-दहाच्या गाडीवर," एकनाथ म्हणाला.

"रेल्वेची शिट्टी चालणार नाही!" आप्पा कडाडले. "एकदा सांगितलं ना."

ते उठून घड्याळापाशी गेले. काचेत त्यांना स्वतःचा चेहरा दिसला आणि त्यामागे वडिलांसारखं कुणीतरी, एकवीस मिनिटांवर बोट ठेवून. या घड्याळावर त्यांची मुंज झाली होती, लग्न झालं होतं. वडील गेले तेही याच घड्याळात सात वाजता. डॉक्टरांनी कागदावर सात एकोणचाळीस लिहिलं तेव्हा ते भांडले होते.

मागून अनसूयाबाई म्हणाल्या, "अहो, ते इंग्रजाविरुद्ध होतं ना?"

"होतं."

"इंग्रज गेला."

"गेला."

"मग तीन वर्षं ते कुणाविरुद्ध चाललंय? नातीविरुद्ध?"

शालीखाली मंदाने तोंड सोडलं, मोठी ढेकर दिली आणि पुन्हा धरलं. ढेकर ठरावासारखी वाटली.

"एकनाथ," आप्पा म्हणाले, "स्टूल आण."

ते स्टुलावर चढले. त्यांनी काच उघडली, लंबक बोटाने थांबवला. सरला स्वयंपाकघराच्या दारात आली. धोंडूबाईने डोक्यावर पदर घेतला. आप्पांनी मोठा काटा पुढे ढकलायला घेतला. अर्ध्यावर घड्याळाने साडेअकराचा एक ठोका दिला आणि सगळे दचकले. मग काटा वर गेला, बारा ठोके पडले. तरी आप्पांचं बोट पाच मिनिटं आणखी पुढे गेलं, कारण तोवर तेवढा वेळ गेला होता.

"स्वराज्याला तीन वर्षं झाली," ते स्टुलावरूनच म्हणाले. "सरकारला एक संधी द्यायला हरकत नाही."

रेल्वेची शिट्टी चालणार नाही असं ठणकावून त्यांनी घड्याळ रेल्वेच्याच वेळेला लावलं, हे कुणीही त्यांच्या लक्षात आणून दिलं नाही. माणूस स्टुलावर उभा असताना सगळंच बोलू नये.

"आणि हा कागद?" गुरुदत्तने विचारलं.

"दे इकडे," पॉलिन म्हणाली. तिने राजीनाम्याची घडी घातली, खाली वाकून डुगडुगणाऱ्या स्टुलाच्या पायाखाली सरकवली. स्टूल हलायचं थांबलं. "चांगला जाड कागद आहे."

दुपारी मोरीचं कालवण झालं. घरच्या जुन्या वेळेपेक्षा एकोणचाळीस मिनिटं लवकर, म्हणून कुणाला भूक नव्हती. तरी सगळे दोनदा जेवले. सुमनच्या पानात सरलाने मोठा तुकडा वाढला आणि म्हणाली, "खा. माझ्या पोरीचे अपूर्णांक तुझ्या अंगावर आहेत."

"मीठ कमी आहे, वहिनी."

"शाळेत जा तू," सरला म्हणाली. दोघी एकदम हसल्या.

सोमवारी काटा आडवा झाला आणि धोंडूबाई निघाली. दीडची घंटा पडत असताना ती फाटकात होती. नकाशांच्या खोलीत, हिंदुस्थानच्या नव्या नकाशाखाली बाकावर बसून मंदा वीस मिनिटं प्यायली. शिपाईणबाईंनी दारात पाठ करून पहारा दिला. त्या दिवशी सुमनने वर्गाकडे तोंड करून शिकवलं. सरलाच्या मुलीने घरी येऊन सांगितलं, बाई आज चिडलेल्या नव्हत्या.

त्याच संध्याकाळी पडवीत कुणी नव्हतं. सरलाने रिठ्याच्या पाण्यातून मंदाचे वाळे काढले, राखेने घासले, पदराने पुसले. बाळाच्या पायातून ते तिने शनिवारी काढले होते. गेल्या रविवारी काट्यावर ते पायात होते. काटा अजून तुळईला लटकत होता. तिने वाळे एका तागडीत टाकले आणि दुसऱ्या तागडीत सगळ्यात लहान वजन ठेवलं.

बरोबर एक छटाक भरले.